‘पाहिले’ या शेऱ्याचा अर्थ लावून मिळण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : शिक्षक, वनस्पतिशास्त्र विभाग. सेवा एकतीस वर्षे. येत्या तीस तारखेस निवृत्त.

विषय : निरीक्षणवहीच्या तेराव्या पानावरील माझा ‘पाहिले’ हा शेरा विद्यार्थिनीने दिलेली पूर्वसूचना म्हणून ग्राह्य धरून तिचे नाव पटावर पुन्हा घेणे, आणि तिच्या नावापुढील ‘विनाकारण गैरहजर’ या नोंदीतून ‘विनाकारण’ हा शब्द काढणे.

संदर्भ : (१) पर्यायी मूल्यमापनाविषयीचे आपले परिपत्रक. (२) परीक्षा नियम, कलम बारा, गैरहजेरी. (३) गेल्या जूनमध्ये महाविद्यालयाच्या कार्यालयात मी दिलेले तोंडी उत्तर. ते कुठेही नोंदलेले नाही, परंतु मी ते दिलेले आहे.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, गेल्या वर्षी माझ्या वर्गातील आसनक्रमांक एक्केचाळीस ही विद्यार्थिनी दुसऱ्या व तिसऱ्या पेपरला बसली नाही. तिने पूर्वसूचना दिली नाही असे ठरवून कार्यालयाने तिच्या नावापुढे ‘विनाकारण गैरहजर’ असे लिहिले आणि तीस जून रोजी तिचे नाव पटावरून कमी केले. नियमाप्रमाणे फेरविचाराची मुदत एक वर्ष आहे. म्हणजे आज सोडून अकरा दिवस उरले आहेत. या अर्जात मी पुढे बरेच काही लिहिणार आहे, त्यातले काही अस्थानी वाटेल. पण तारीख तेवढी आधी सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्या माणसाने हा अर्ज हाताळला तर तो पहिला परिच्छेदच वाचील.

२. प्रकरण समजण्यासाठी पर्यायी मूल्यमापन आमच्याकडे कसे आले ते सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी आपले परिपत्रक आले की, केवळ तीन तासांच्या लेखी पेपरवर विद्यार्थ्याची पारख करू नये. शंभरपैकी वीस गुण निरीक्षणवहीला द्यावेत. विद्यार्थ्याने एक रोप निवडावे, सोळा आठवडे त्याची वाढ नोंदवावी, सोबत स्वतःला काय वाटले तेही लिहावे, आणि शिक्षकाने दर आठवड्याला ते वाचून दोन ओळी उत्तर द्यावे. त्या दिवशी शिक्षक-कक्षात चहाच्या वेळी परिपत्रक हातोहात फिरले. एक सहकारी म्हणाल्या, “आता मुलांच्या रोजनिशाही तपासायच्या का? उद्या धोब्याची यादी आणतील.” दुसरे म्हणाले, “वीस गुण काय, वाटून टाकू.” आणि मी म्हणालो, “पर्यायी मूल्यमापन म्हणजे पर्यायाने आपल्यालाच काम.” सगळे हसले. हे वाक्य पुढे वर्षभर माझ्या नावाने सांगितले जात असे, आणि मला त्याचा अभिमान वाटे. आता तो वाटत नाही.

३. गुण कसे द्यावेत याची पद्धतही मीच बसवून दिली. आपल्या तक्त्यानुसार आठपेक्षा कमी गुण दिल्यास कारण लिहावे लागते आणि सोळापेक्षा जास्त दिल्यासही कारण लिहावे लागते. मी सुचवले, सरसकट चौदा द्यावेत. चौदाला कोणी कारण विचारत नाही. विभागातील सर्वांनी ही सूचना उचलून धरली. त्या वर्षी माझ्या वर्गातील साठच्या साठ विद्यार्थ्यांना चौदा गुण मिळाले, आणि ही गोष्ट आपल्या विभागाच्या लक्षात आली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्याकडेही गठ्ठेच येत असणार.

४. दर शुक्रवारी साठ वह्या जमा होत. सोमवारी त्या परत द्यायच्या. मी त्या शिक्षक-कक्षातल्या खिडकीजवळच्या टेबलावर उघड्या करून, एकीवर एक ओळीने लावून घेत असे आणि प्रत्येकीवर ‘पाहिले’ असे लिहून सही व तारीख टाकत असे. साठ वह्यांना वीस मिनिटे लागत. हात इतका बसला होता की बोलता बोलता काम उरकत असे. प्रयोगवह्यांवर एकतीस वर्षे हेच लिहिले आहे. आम्हा शिक्षकांत ‘पाहिले’ या शब्दाचा अर्थ ‘वही माझ्या हाताखालून गेली’ एवढाच होतो, हे आपणही पूर्वी शिक्षक होतात म्हणून आपल्याला माहीत असेल. विद्यार्थ्यांना मात्र तो माहीत नसतो. त्यांना तो कोणी सांगितलेला नसतो.

५. वेळ नव्हता असे मी म्हणणार नाही. साठ वह्या, सोळा आठवडे, शिवाय दुसरे दोन वर्ग, हा हिशेब मी बैठकीत फळ्यावर मांडून दाखवला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याच टेबलावर, त्याच चहासोबत, मी वर्तमानपत्रातले शब्दकोडे रोज पूर्ण सोडवत असे. आडवे उभे, सगळे.

६. आता विद्यार्थिनीविषयी. वर्गात मी सर्वांना क्रमांकाने बोलावतो, त्यामुळे ती मला ‘एक्केचाळीस’ म्हणूनच ठाऊक होती. मुले तिला ‘मोजपट्टी’ म्हणत, हे मला या महिन्यात कळले. तिच्या दप्तरात कायम सहा इंची पट्टी असे आणि दिसेल ते पान ती मोजत असे. निरीक्षणासाठी तिने कुंडीतली सदाफुली निवडली. पहिल्याच पानावर तिने कारण दिले आहे : “सर, तुम्ही वर्गात सांगितलं की सदाफुलीपासून कॅन्सरवरचं औषध काढतात. माझ्या आईला सध्या तेच औषध चालू आहे. म्हणून म्हटलं, हेच झाड नीट बघावं.” सदाफुलीचे ते वाक्य मी दर वर्षी सांगतो. त्यानंतर एक ठरलेला विनोद करतो आणि पुढच्या कुळाकडे वळतो. तिच्या या ओळींखाली माझा शेरा आहे : पाहिले.

७. वहीची सोळा पाने आहेत आणि सोळाही पानांवर माझी सही आहे. सुरुवातीला मोजमापे आहेत, पानांची टोके आणि शिरा अचूक काढल्या आहेत. अशी आकृती काढणारे विद्यार्थी मला नोकरीत चार-पाच भेटले असतील. सातव्या पानापासून रोपासोबत आई येऊ लागते. “आज पाच कळ्या. आईने दोन घास जास्त खाल्ले.” “एक पान पिवळं पडून गळलं. आईचे केसही. दोन्ही मी फेकलं नाही.” ते गळलेले पान तिने दहाव्या पानावर चिकटपट्टीने लावले आहे, आणि त्यावरून सही करताना माझे पेन अडखळले असावे, कारण ‘पाहिले’मधला ‘ले’ तिथे वाकडा आला आहे. तरी मी थांबलो नाही.

८. तेराव्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून देतो, कारण या अर्जाचा सर्व भार त्यावर आहे :

“पान क्र. ४, लांबी ५.३ सें.मी. या आठवड्यात वाढ नाही. कुंडी आता दवाखान्यातल्या खिडकीत ठेवली आहे, आईला ती समोर हवी असते. सर, आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. अकरा तारीख, म्हणजे दुसऱ्या पेपरच्या दिवशीच. घरात आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे मला पेपरला येता येणार नाही. पुढच्या पेपरचंही सांगता येत नाही. हे कुणाला कळवायचं असतं ते मला माहीत नाही. ऑफिसात गेले होते पण खिडकीवर गर्दी होती आणि मला दवाखान्यात पोचायचं होतं. तुम्ही दर आठवड्याला वही पाहता म्हणून इथे लिहिते. चालेल का, एवढंच सांगा.”

खाली : पाहिले. माझी सही. तारीख.

९. चौदाव्या पानावर ती लिहिते : “पान क्र. ४, ५.४ सें.मी. सरांनी पाहिलं. आईला सांगितलं की सरांना कळवलंय आणि त्यांनी पाहिलंय, आता परीक्षेचं टेन्शन नाही. आई म्हणाली, तुझे सर देवमाणूस दिसतात.” याही खाली माझा शेरा आहे. तोच.

१०. महोदय, या ठिकाणी मी दोन दिवस थांबलो होतो. अर्ज पुढे सरकेना.

११. अकरा तारखेला ती पेपरला आली नाही. शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या पेपरच्या सकाळी, तिची आई गेली. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, कारण मला काहीच ठाऊक नव्हते. जूनमध्ये ती गैरहजेरीची चौकशी करायला कार्यालयात आली. मी त्याच वेळी तिथून जात होतो. लिपिकाने मला हाक मारून विचारले, “सर, ही म्हणते तुम्हाला आधी कळवलं होतं. तुमच्याकडे काही आलं होतं का?” मी म्हणालो, “माझ्याकडे असलं काही आलेलं नाही. आलं असतं तर मी विसरलो नसतो.” ती म्हणाली, “सर, तुम्ही पाहिलं होतं.” मी विचारले, “काय पाहिलं होतं?” तिला आठवण करून देता आली असती, वही मागता आली असती, भांडता आले असते. ती म्हणाली, “काही नाही सर. माझीच चूक झाली असेल.” आणि गेली. लिपिकाने माझ्यासमोर ‘विनाकारण’ हा शब्द लिहिला. त्या वेळी मी वर्षभरच्या वह्यांचा गठ्ठा कपाटात ठेवायला निघालो होतो. तिची वही माझ्या काखेत होती.

१२. वही सापडली ती माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. निवृत्तीपूर्वी कपाट रिकामे करून द्यायचे असते, आणि जुन्या वह्या रद्दीत देण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यावर ‘पाहिले, नष्ट करण्यास हरकत नाही’ असे लिहून सही करायची असते. त्या एका वर्षाचा गठ्ठा सरळ बसेना. मध्ये एक वही फुगली होती, चिकटवलेल्या पानामुळे. ती नीट करायला म्हणून उपसली तर तेरावे पान उघडले. मी उभ्याउभ्या वाचायला लागलो आणि खाली बसलो. प्रयोगशाळेतील सेविका दार लावायला आल्या होत्या. त्यांनी विचारले, “सर, बरं वाटत नाही का?” मी त्यांना हो म्हणालो.

१३. आता कायद्याचा मुद्दा. कलम बारा म्हणते की पूर्वसूचना लेखी असावी, परीक्षेपूर्वी संबंधित शिक्षकाकडे दिलेली असावी व तीवर शिक्षकाची स्वाक्षरी आणि दिनांक असावा. तेराव्या पानावर हे सर्व आहे. मजकूर लेखी आहे, परीक्षेच्या चार आठवडे आधीचा आहे, शिक्षक संबंधित आहे, सही व तारीख माझी आहे. शिक्षकाने सूचना वाचलेली असावी, अशी अट कलमात नाही. नियम करणाऱ्यांना ती लिहायची गरज वाटली नसावी. तेव्हा विद्यार्थिनीने नियम पूर्णपणे पाळला आहे. गैरहजर राहण्यास तिने माझी लेखी संमती मागितली होती, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ती तिला मिळाली होती.

१४. आपल्या कार्यालयातून मला खाजगीत असा सल्ला मिळाला की, “सर, सरळ लिहा ना, वाचलं होतं पण पुढे कळवायचं राहून गेलं. विसरणं माणसाकडून होतं. वाचलंच नाही असं लिहिलंत तर सूचना पोचलीच नाही असा अर्थ निघेल.” सल्ला देणाऱ्यांचा मी आभारी आहे. परंतु मी विसरलो नाही. विसरायला आधी माहीत असावे लागते. या एका प्रकरणात तरी कागदावर खरे असावे, आणि त्या खऱ्याचा तोटा पुन्हा तिलाच होऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज लांबला आहे. ‘पाहिले’ या शब्दाचा मराठीत जो सरळ अर्थ होतो, जो तिने लावला, तोच आपण लावावा. आम्हा शिक्षकांचा अर्थ लावू नये. माझ्याविरुद्ध जातो म्हणून तर मुळीच टाळू नये.

१५. अनुषंगाने एक दुरुस्ती. त्याच वर्षअखेरीस ‘शिक्षकांचा पर्यायी मूल्यमापनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ या नावाची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली आपण पाठवली होती. तेविसावा प्रश्न असा होता : ‘मी विद्यार्थ्यांच्या नोंदी काळजीपूर्वक वाचतो व त्यांस प्रतिसाद देतो.’ मी ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली. किंबहुना चाळीसही प्रश्नांवर तीच खूण केली, कारण एका रेषेत खुणा करत खाली यायला सोपे जाते. आमच्या विभागाचा दृष्टिकोन सर्वांत अनुकूल ठरला आणि आपण आम्हाला प्रशस्तिपत्र दिलेत. ते शिक्षक-कक्षात चहाच्या किटलीच्या वर लावलेले आहे. प्रश्नावलीवर नाव लिहायचे नव्हते, तरी माझी प्रत ओळखता येईल. सगळ्या खुणा हिरव्या शाईत आहेत. तेविसावे उत्तर बदलावे ही विनंती. त्यामुळे सरासरी किती खाली येईल ते मी काढून पाहिले. फारशी येत नाही.

१६. गेल्या आठवड्यात मी विद्यार्थिनीला शोधून काढले. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते. मी गेलो तेव्हा ती एका आजोबांच्या दोन डोळ्यांमधले अंतर पट्टीने मोजत होती. मला पाहून म्हणाली, “सर, तुम्ही? नंबर बदललाय का?” मी पिशवीतून वही काढून काचेच्या काउंटरवर ठेवली आणि सांगितले की ही मी या महिन्यात पहिल्यांदा वाचली. तिने वही उघडून तेरावे पान काढले. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही वाचलंच नव्हतं?” मी म्हणालो, नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण महोदय, ती जे बोलली त्यासाठी माझी तयारी नव्हती. ती म्हणाली, “बरं झालं सर. वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही सगळं वाचलंत आणि तरी नाही म्हणालात. मी म्हटलं, सरांचं काहीतरी कारण असेल.” एक वर्षभर ही मुलगी आईविना घरात बसून माझ्यासाठी कारण शोधत होती. तिच्यासाठी मात्र आम्ही ‘विनाकारण’ लिहिले.

१७. मी तिला फेरविचाराविषयी सांगितले. पुन्हा शिकायला येणार का, हे तिने सांगितले नाही. “नाव असू द्या सर, मग बघू,” एवढेच म्हणाली. नंतर मला सोडायला दारापर्यंत आली आणि म्हणाली, “तो एक शब्द तेवढा काढता आला तर बघा. त्या दिवशी माझी आई गेली, सर. आणि तिथे विनाकारण लिहिलंय.” मी म्हणालो, “पाहतो.” शब्द तोंडातून गेला आणि दोघांच्याही लक्षात आला. ती हसली. मला हसता आले नाही.

१८. तरी विनंती की :

(अ) तेरावे पान पूर्वसूचना म्हणून ग्राह्य धरून, तीस तारखेपूर्वी तिचे नाव पटावर घ्यावे.

(आ) ‘विनाकारण’ हा शब्द काढावा. खोडून वर दुसरे काही लिहू नये, कारण काय होते ते तिने एकदा लिहून दिलेले आहे. काढलेला शब्द कुठेतरी लावणे कार्यालयास आवश्यक वाटल्यास तो माझ्या सेवापुस्तकात लावावा. सोळा आठवडे मी रोज सही करून हजर होतो, आणि विनाकारण गैरहजर होतो.

(इ) वहीचे चौदा गुण रद्द करावेत. नवे गुण मी देऊ शकत नाही. मी ती वही आता पाच वेळा वाचली आहे आणि तिला किती द्यावेत हे मला कळलेले नाही. दुसऱ्या कोणा शिक्षकाकडून, शक्य झाल्यास तरुण आणि शब्दकोड्याची सवय नसलेल्या, ती वाचून घ्यावी.

(ई) या अर्जावर कृपया ‘पाहिले’ असा शेरा मारू नये. अर्ज नामंजूर करणे असल्यास नामंजूर असे लिहावे. ते चालेल.

आपला नम्र, आणि वाचायला एक वर्ष उशीर झालेला,

(सही)
शिक्षक, वनस्पतिशास्त्र विभाग
दिनांक : १९ जून

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. निरीक्षणवही, मूळ प्रत, पाने सोळा. दहाव्या पानावरील सदाफुलीचे पान वाळलेले आहे, हाताळताना जपावे. त्याची लांबी ४.१ सें.मी. आहे. तिने ३.९ लिहिली होती. मला आधी वाटले तिची चूक झाली, पण पट्टी शून्यावर लावायचे मीच विसरलो होतो. तिचेच बरोबर आहे.

२. मातेच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. तारीख पहावी. तिसऱ्या पेपरचे वेळापत्रक सोबत टाचले आहे.

३. सोळाव्या पानाची वेगळी छायाप्रत, वही गहाळ झाल्यास असावी म्हणून. त्यावर असे आहे : “आज वही जमा करायची. नवीन पान फुटतंय, ते मोजायला आता वही नसेल. सर, तुम्ही नंबरने बोलावता त्यामुळे माझं नाव तुम्हाला माहीत नसेल, पण या वहीमुळे मला वाटतं की तुम्ही मला ओळखता.” खाली माझा शेरा व चौदा गुण आहेत.

४. या अर्जाचा कच्चा मसुदा. तिच्या आईविषयी परस्पर लिहिणे योग्य नव्हे म्हणून मी तो काल दुकानात नेऊन तिला दाखवला. गिऱ्हाईक थांबवून तिने तो उभ्यानेच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारले, आणि खाली एक शब्द लिहून सही व तारीख टाकली. शब्द असा आहे : ‘वाचले.’ त्याचे दोन अर्थ होतात हे मला ठाऊक आहे. तिने कोणत्या अर्थाने लिहिला ते विचारायचा मला धीर झाला नाही.